शिंगाचं माप

"माणसं दगा देतात, खेचर दगा देतं, गुडघे तर देतातच, पण ठासणीची बंदूक जन्मात कुणाला दगा देत नाही!"

केंटकीच्या डोंगरात, बैलाच्या मटणाच्या बक्षिसासाठी नेम मारायला जमलेल्या अख्ख्या खोऱ्यासमोर एल्झी टॅकेटनं हे जाहीर केलं आणि चाप ओढला. 'फट्' झालं. ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी फुटली. नळीतली दारू ढिम्म.

पहिल्या नंबराला बैलाची मागची मांडी मिळायची. एल्झीला ती हवी होतीच. पण त्याहून जास्त हवं होतं ते नाव. गेल्या हिवाळ्यात तो माळ्यावरून पडला, खांदा मोडला, तेव्हापासून जो तो हळहळायचा, "आता नेमबाजी संपली म्हणायची!"

"जाऊ दे गड्या," व्हर्लिन स्लोन पुटपुटला. मिसरूड फुटल्यापासून दोघं एकाच ओंडक्यावर कोपर टेकून नेम धरत आले होते. "खांदा सांभाळ. घरी जाऊ."

"घरी तू जा."

एल्झीनं टोपीखालचं छिद्र सुईनं टोचून मोकळं केलं, नवी टोपी बसवली. या खेपेला बार झाला, पण म्हातारा खाकरावा तसा. गोळी नेमाच्या फळीच्या बरीच खाली मातीत घुसली.

"एल्झीबाबा, गांडुळं मारताय का?" मागून कुणीतरी ओरडलं.

त्यानं पुन्हा ठासली. हरणाच्या शिंगाच्या मापानं दारू घेतली, आत न बघता, जन्मभराच्या सवयीनं. पुन्हा तीच खाकर.

"दारू तूच आणलीस ना तालुक्याहून?" तो व्हर्लिनकडे वळला.

"मीच."

"माझी ओली केलीस. मांडी हवी होती तुला!"

एरवी व्हर्लिनकडे देवालासुद्धा द्यायला उत्तर असे. आज त्यानं तोंड उघडलं, मिटलं आणि बुटांकडे बघत राहिला.

"माझ्या अंगणात पुन्हा पाय ठेवायचा नाही," एल्झी म्हणाला.

मग व्हर्लिनची बंदूक कडाडली आणि मांडी त्याला मिळाली. कोरडी दारू लेकानं स्वतःला ठेवली, हे एल्झीच्या लेखी सिद्धच झालं.

डोंगरातल्या आडवाटांनी फिरून फिरून तो उशिरानं मागल्या दारानं घरी पोचला आणि झोळी टेबलावर उपडी केली. त्याची बायको डेल्फी चुलीपाशी गोधडी शिवत होती. तिनं मान वर केली नाही. माप लाकडावर आपटलं, आवाज बद्द आला. ते बापानं याच बंदुकीसाठी कोरलेलं. एल्झीनं चाकूचं टोक घातलं. पिवळ्या मेणाचा गोळा निघाला. माप निम्म्याहून जास्त भरलेलं होतं.

खोऱ्यात मधमाश्या एकट्या व्हर्लिनकडे.

"बघितलंस? त्याचंच मेण!"

"मेण त्याचं," डेल्फी म्हणाली. "वितळवून ओतलं मी. सांगायचं नाही म्हणून त्याला बायबलवर हात ठेवायला लावला."

एल्झी खाली बसला.

"डॉक्टर म्हणाला, खांद्याला बंदुकीचा आणखी एक दणका बसला की हात गेला. ऐकणार होतास तू? अर्धी दारू, अर्धा दणका."

"गावासमोर माझं नाव मातीत गेलं, डेल्फी."

"नाव लाकडं फोडत नाही."

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. कुंपणाच्या खांबावर फडक्यात बांधलेलं काहीतरी जड लटकत होतं. बैलाची मांडी. अंगणात पाय न ठेवता जेवढ्या जवळ ठेवता येईल, तेवढ्या जवळ ठेवलेली.

 तो उठला आणि मेणाचा गोळा घेऊन चुलीकडे वळला.

"ते जाळू नकोस," सुईत दोरा ओवत डेल्फी म्हणाली. "दोऱ्याला लावायला हवंय मला."