आकारामनानांचा अविश्वास ठराव

मनुबाईला बाजेवर घालून ओढ्यापर्यंत आणलं, तेव्हा पलीकडच्या काठावर ॲम्ब्युलन्स उभी होती. मध्ये पुरुषभर पाणी. ड्रायव्हर हात हलवून गाडी पुढं येणार नाही असं सांगत होता. माणसांनी बाज परत फिरवली, लांबच्या वाटेनं ट्रॅक्टर काढला. पलूसच्या दवाखान्याच्या दारात पोचेस्तोवर तिचा हात नवऱ्याच्या, आकारामनानांच्या हातात गार पडला होता.

नाना लष्कराच्या इंजिनियर पलटणीतले निवृत्त हवालदार. नोकरीत त्यांनी बर्फात आणि वाळूत पूल उभे केले होते. आपल्याच गावच्या ओढ्यावर पूल नाही याचं त्यांना वाईट वाटायचं, पण राग यायचा नाही. सरकारी काम, होईल कधी तरी. राग आला तो तेराव्यानंतर. पुलाची मागणी घेऊन ते कचेरीत गेले, तर क्लार्कनं फाइल चाळून सांगितलं, "पूल झालाय की तुमचा. दोन वर्षं झाली."

माहितीच्या अधिकारात त्या फाइलची नक्कल मिळायला दोन महिने गेले. त्यात काम पूर्ण झाल्याचा दाखला होता आणि तीन गाळ्यांच्या कोऱ्या करकरीत पुलाचा फोटो होता. पुलामागं भाताची खाचरं. नानांच्या ओढ्याला दोन्ही अंगांनी नुसता ऊस. दाखल्याखाली सरपंचाची सही होती, जयराजची.

जयराज त्यांच्या सख्ख्या भावाचा मुलगा. त्याच्या निवडणुकीत नानांनी छातीवर पदकं लावून घरोघर मतं मागितली होती. आणि मनुबाईच्या तिरडीला पहिला खांदा त्यानंच दिला होता. फोटोकडं बघताना नानांना तो खांदाच आठवत राहिला.

सून संयोगिता म्हणाली, "मामा, पोलिसात देऊया."

"देणार की. पर आत गेला तर जामिनावर येतोय, वर हार घालून मिरवतोय. ज्यांनी मतं दिली त्यांनीच ती काढून घ्यायची. गावासमोर उघडा पडलेला बघायचाय मला त्याला."

चौकशीचा अर्ज त्यांनी जिल्ह्याला पाठवला आणि कामाला लागले. ग्रामपंचायतीचे नऊ सदस्य. अविश्वासाला सात सह्या लागत होत्या. सहा जण मिळाले, कुणी पटून, कुणी जुन्या खुन्नशीनं. नानांनी कारण विचारलं नाही. सातवा सम्मेद, खताचा दुकानदार, जयराजचा जिवाभावाचा दोस्त. नाना आठ दिवस रोज त्याच्या दुकानात जाऊन बसले. बोलायचं काही नाही, नुसता फोटो काउंटरवर ठेवायचा. नवव्या दिवशी सम्मेदची आई गुणमाला आतून बाहेर आली.

"तू पोटात आडवा हुतास, तवा मनुबाई माझ्या उशाशी दोन दिस बसून हुती," ती लेकाला म्हणाली. "सही कर."

सात सह्या झाल्या, सदस्यांचा ठराव मंजूर झाला. सरपंच थेट जनतेतून निवडलेला, म्हणून आता शेवटचा कौल ग्रामसभेचा होता, गुप्त मतदानानं. त्याच्या आदल्या सकाळी जयराज एकटाच घरी आला. सोप्यात न बसता उंबऱ्याशी उभा राहिला.

"नाना, चुकलं माझं. ठेकेदार म्हणाला, सही कर, पाऊस उघडला की काम काढतो. मी केली."

"मग?"

"आता तो पदरमोड करून बांधून द्यायला तयार हाय. पंधरा दिसात मशीन लावतो. फकस्त ठराव आन् चौकशीचा अर्ज मागं घ्या. चौकशी लागली की सगळं काम अडकून पडंल, आवं. गावाला चार-पाच वर्षं पूल मिळायचा न्हाई."

तो खरं बोलत होता. सरकारी बांधकाम नानांनी आयुष्यभर पाहिलं होतं. संयोगिता स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती. तिच्याकडं न बघता नाना म्हणाले, "जया, खांदा देताना तुला ठावं हुतं?"

जयराजनं मान खाली घातली.

"जा तू. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात गावानं रांग लावली. मोजणी झाली, निकाल जयराजच्या विरुद्ध गेला. त्याची आई गर्दीत रडत होती. नाना पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर ताठ बसून त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. किती तरी महिन्यांनी त्यांना त्या दिवशी पोटभर जेवण गेलं.

पुढं झालं ते जयराज म्हणाला होता तसंच. चौकशी लागली, फाइल सांगलीला गेली, ओढ्यावर एक खोरंसुद्धा पडलं नाही. पावसाळा आला. शाळेची गाडी बंद झाली, लोक पुन्हा लांबच्या वाटेनं जाऊ लागले. पूल बांधून द्यायची जयराजची तयारी नानांनी धुडकावली, ही गोष्टही गावात फुटली होती. एके दिवशी तात्याबा लोहाराची सून समीक्षा नानांच्या दारात आली. तिच्या सासऱ्याला आठवड्यातून दोनदा सांगलीला डायलिसिसला न्यावं लागायचं.

"नाना, पंधरा दिसात पूल हुणार हुता म्हनं. तुमी नको म्हणालासा. खरं का?"

"खरं हाय."

"का?"

नाना म्हणाले, "मला पूल नको हुता, पोरी. मला जयराज पायजे हुता."

समीक्षानं त्यांच्याकडं एकदा नीट पाहिलं आणि निघून गेली. त्यानंतर तिनं त्यांना कधी नाना म्हणून हाक मारली नाही.

पुढच्या सोमवारी ते सांगलीला गेले, इंजिनियर साहेबांच्या दारात दुपारपर्यंत उभे राहिले. चौकशी संपेपर्यंत काही होणार नाही, असं उत्तर मिळालं. पुढच्या सोमवारीही गेले. परत येताना एसटी पलूसला थांबली. स्टँडवरच्या चहाच्या गाड्यापाशी जयराज बसला होता, दाढी वाढलेली. नानांना बघून तो बाकड्यावर सरकला आणि शेजारी जागा केली.

"बसा, नाना."

नानांनी चहा घेतला. तो त्यांनी उभ्यानंच प्यायला, पाठ त्याच्याकडं करून, आणि एसटीत जाऊन बसले.