आराखड्यातली सात माणसं

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ग्रामसेवक देविदास भाऊसाहेबांनी पाणीपुरवठ्याचा आराखडा वाचून दाखवला, तेव्हा शिला राठोडला वाटलं, आपलंच काहीतरी ऐकण्यात चुकलं. डोंगरपिंपरीच्या फाट्यावर पन्नास हजार लिटरची टाकी. गावठाणात घरोघर नळ. आणि तांड्याला एक हातपंप, तोही जुनाच, दुरुस्त करून.

शिला तांड्यातून निवडून आलेली ग्रामपंचायत सदस्या. तांडा गावापासून दीड किलोमीटरवर, टेकडीच्या उताराला. पुसेगावच्या बाजाराला जाताना त्याची पत्र्याची छपरं रस्त्यावरून दिसतात, आणि दरवर्षी त्यात चार-सहा नव्या पत्र्यांची भर पडते. फाट्यावर मात्र कुणीच राहत नव्हतं. कुणीतरी दोन वर्षांपूर्वी शेत मोडून तिथं प्लॉट पाडले होते. मुरमाचे रस्ते, सिमेंटचे खुंट, पुढं एक रंगीत कमान. वस्ती म्हणावी तर एक वॉचमन आणि त्याच्या चार शेळ्या.

"भाऊसाहेब, फाट्यावर टाकी काहून?" तिनं उभं राहून विचारलं.

"वाढीव क्षेत्र आहे ते, ताई. तिथं वस्ती वाढणार."

"आन् आमच्याकडं वाढून बसली, तिचं काय?"

भाऊसाहेबांनी कागद उलटा-सुलटा केला. "तांड्याची लोकसंख्या घटली, असं आहे इथं. मी न्हाई म्हणत. आराखडा म्हणतो."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. सरपंच ग्यानबा आप्पा समजुतीच्या सुरात म्हणाले, "बस लेकी. आता वरून मंजूर होऊन आलंय. पुढच्या साली बघू तुझं."

निवडून आल्यापासून हे वाक्य ती तिसऱ्यांदा ऐकत होती. ती बसली नाही. आराखड्याची प्रत मागून घेतली आणि सभा संपायच्या आधीच बाहेर पडली.

तालुक्याच्या कचेरीत तिला तीन खेपा पडल्या. पहिल्या खेपेला इंजिनिअर साहेब बैठकीला गेलेले, दुसऱ्या खेपेला कामावर. तिसऱ्या खेपेला ती सकाळी साडेनऊलाच दाराशी जाऊन बसली आणि शिपायाच्या आधी साहेबांना तीच भेटली. वैजनाथ गिरी नावाचा तो कनिष्ठ अभियंता चाळिशीचा, थकल्या डोळ्यांचा, पण माणूस सरळ होता. त्यानं तिला खुर्ची दिली आणि कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडं वळवला.

"हे बघा ताई. दोन हजार एकच्या जनगणनेत तुमचा तांडा पाचशे चाळीस. अकराच्या जनगणनेत तीनशे अठरा, चौसष्ट घरं. दहा वर्षांत दोनशे बावीस माणसं कमी. आम्हाला हाच वेग पुढं धरावा लागतो. पंचवीस साल धरलं तर…" त्यानं बटणं दाबली, "सात."

"सात काय?"

"सात माणसं. हिशोबानं आज तांड्यात सात माणसं राहतात."

"साहेब, माझ्या एकटीच्या घरात सहा हायेत. सासू, मी, नवरा, दीर, दोन लेकरं. म्हंजे उरलेल्या तांड्यात एकच माणूस?"

"पुढच्या वर्षाचं तर उणे पंधरा येतंय," गिरी खाली मान घालून म्हणाला. "उणे माणसांची टाकी काढता येत नाही. म्हणून हातपंप ठेवला."

मग तिनं त्याला सगळं सांगितलं. अकरा सालची मोजणी झाली फेब्रुवारीत. दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला जातो, तो उन्हाळा लागल्यावर परततो. दोन हजार एकच्या मोजणीवेळी अर्धाच तांडा जायचा. नंतर शेती परवडेना, तसा सगळाच जायला लागला. मोजणारा मास्तर आला तेव्हा दारांना कुलपं होती. त्यानं म्हातारी माणसं तेवढी लिहिली आणि निघून गेला.

गिरीनं सगळं ऐकून घेतलं. "मला पटतं, ताई. पण माझ्या पटण्याला या तक्त्यात रकाना नाही."

घरी येताना जीपमध्ये तिचं डोकं ठणकत होतं. भांडायला माणूस समोर असावा लागतो. इथं सगळेच भले होते, आणि सगळ्यांनी मिळून तिचा तांडा पुसून टाकला होता.

पोळा झाल्यावर तिनं स्वतःच मोजायला घेतलं. अंगणवाडीचं रजिस्टर, मतदार यादी, रेशनकार्डं, सगळं एकापुढं एक ठेवून घरोघर फिरली. सासू मोतीबाई सोबत. म्हातारीला अक्षर येत नव्हतं, पण कोणाची सून कुठली, कोणाचं पोरगं कितवं, हे तिला तोंडपाठ होतं.

"कोपऱ्यावरच्या पुजाच्या पोटातलं धरलं का?" मोतीबाईनं विचारलं.

"न्हाई, याडी," शिला म्हणाली. सासूला ती बंजारा बोलीत 'आई'च म्हणायची. "ते आलं की पुढच्या अर्जात."

"पाणी तर आत्तापासूनच लागतंय तिला," सासू पुटपुटली.

अकराव्या दिवशी आकडा निघाला. दोनशे चौदा घरं, अकराशे चाळीस माणसं. प्रत्येक घरातल्या एकाची सही, नाहीतर अंगठा. शिलानं यादीच्या तीन प्रती काढल्या आणि अर्जासोबत तालुक्याच्या कचेरीत पोच घेऊन दिल्या. दिवाळी झाली. ट्रॅक्टर भरून भरून तांडा रिकामा झाला. तिचा नवरा रणजीतही ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवायला कोल्हापूरकडं गेला.

उत्तर आलं ते जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. 'सदर यादी शासकीय यंत्रणेमार्फत तयार केलेली नसल्याने ग्राह्य धरता येत नाही. तथापि दिनांक वीस रोजी प्रत्यक्ष पाहणी करण्यात येईल.'

तिनं लगोलग गिरीला फोन लावला. "साहेब, वीस जानेवारीला कोणाची पाहणी करता? तांडा तोडीवर हाय. एप्रिलात या."

"मार्चला वर्ष संपतं, ताई. त्याच्या आत अहवाल गेला नाही तर प्रस्तावच बाद होतो. पुन्हा पहिल्यापासून."

रात्री रणजीतला विचारलं, दोन दिवसांसाठी सगळ्यांना घेऊन येता येईल का. तो बिचारा दिवसभराचा शिणलेला. "शिला, टोळी सोडून कोण येऊ देतंय? अन् आलो तरी मागं कारखाना थांबतो का?"

तिनं फोन ठेवला. आपण घरी असलो की मोजायला कोणी येत नाही, आणि मोजायला येतात तेव्हा आपण नसतो. हे काही कोणी ठरवून करत नव्हतं, म्हणूनच तर जास्त संताप येत होता.

वीस तारखेला गिरी आणि भाऊसाहेब मोटारसायकलवर आले. तांडा शांत होता. चार म्हातारी माणसं उन्हाला बसलेली, दोन कुत्री, आणि रांगेनं बंद दारं.

"बघा साहेब, सगळी कुलपं," देविदास भाऊसाहेब म्हणाले. "मी काय लिहिणार? घरं बंद, एवढंच."

"लिहू नका अजून," शिला म्हणाली. "याडी, आण."

मोतीबाई घरातून तारेची दोन मोठी कडी घेऊन आली. प्रत्येक कड्यात किल्ल्याच किल्ल्या, कुणाला लाल चिंधी, कुणाला बांगडीचा तुकडा, कुणाला बटण. तोडीला जाताना सगळा तांडा किल्ल्या मोतीबाईकडं ठेवून जायचा. साप निघाला, पत्रा उडाला, तर उघडायला कुणीतरी पाहिजे.

शिलानं पहिलं दार उघडलं. "प्रेमदास चव्हाण. माणसं पाच. या आत."

"ताई, आत कशाला?"

"तुमी पाहणीला आलात ना? पाहा."

आत कोठीत ज्वारी होती. दोरीवर पोरीचा शाळेचा गणवेश घडी घालून टाकलेला. भिंतीला लग्नाचा फोटो. चुलीजवळ उपडी ठेवलेली पाच ताटं. शिलानं ती बोटानं मोजून दाखवली. मग दुसरं दार. तिथं पाळणा बांधलेला होता. तिसऱ्या घरात सायकल, पुठ्ठ्याच्या खोक्यात सहावीची पुस्तकं. मोतीबाई प्रत्येक उंबऱ्यावर थांबून नावं सांगायची, शिला यादीत बोट ठेवायची, आणि गिरी खूण करायचा. कुणाच्या घरात बंद पडलेला फ्रिज, कुणाच्या घरात देवासमोर हळदीच्या बोटाचा वाळलेला ठसा. सगळीकडं एक गोष्ट सारखी होती. मोरीपाशी रिकामे हंडे, एकावर एक, छतापर्यंत.

पंचविसाव्या घरानंतर भाऊसाहेब म्हणाले, "पुरे झालं की, ताई. कळलं."

"काय कळलं, भाऊसाहेब?"

"व्हय, राहतात लोकं."

"किती?"

शिलानं सव्विसावं कुलूप काढलं.

जेवायला मोतीबाईनं भाकरी आणि ठेचा दिला, आणि मोजून दोन तांबे पाणी. जास्तीचं त्यांनी मागितलं नाही. दिवस कलला तेव्हा एकशे ब्याण्णव घरं झाली होती. गिरी स्वतःच म्हणाला, "उरलेली उद्या करतो." आणि खरंच दुसऱ्या दिवशी एकटाच आला. अहवालाच्या छापील नमुन्यात जागा नव्हती, तर त्यानं मागं कोरा कागद जोडून लिहिलं: दोनशे चौदा घरं, रहिवासी कामानिमित्त तात्पुरते बाहेर. खाली सही केली.

मार्च संपायला चार दिवस असताना आदेश आला. शिलानं तो ग्रामपंचायतीच्या पायरीवरच वाचला. फाट्यावरच्या टाकीतून तांड्याला लाइन मंजूर झाली होती. तिच्या छातीवरचा दगड उतरतो न उतरतो, तोच पुढची ओळ आली. नळजोडण्या, एकशे एकोणचाळीस.

"हा आकडा कुठून आणला, साहेब?" तिनं फोनवर विचारलं.

गिरीचा आवाज ओशाळा होता. "जनगणनेची घरं चौसष्ट. माझ्या पाहणीत दोनशे चौदा. वरिष्ठ म्हणाले, दोन्ही आकडे सरकारीच आहेत, कोणताच खोटा म्हणता येत नाही. म्हणून सरासरी काढली."

शिलाला हसावं की रडावं कळेना. पाऊण तास चालून आल्यावर तहानलेल्याला कुणी अर्धा पेला द्यावा आणि वर म्हणावं, निम्मा तर दिला ना. पंच्याहत्तर घरं उरत होती. आणि कागदाच्या तळाशी लिहिलं होतं, लाभार्थ्यांची यादी सदस्यांनी द्यावी. कोण कोरडं राहणार, ते तिनं ठरवायचं.

एप्रिलात तांडा परतला. बातमी आधीच पसरली होती. रोज कोणी ना कोणी ओट्यावर येऊन बसायचं. माझं नाव घे, मी तुला मत दिलं. माझ्या घरात म्हातारा आजारी आहे. माझी पोरगी बाळंत झाली. रणजीत वैतागून म्हणाला, "आपलं नाव काढून टाक यादीतून. न्हाई तर उद्या तोंड दाखवायची सोय राहणार न्हाई."

"आपलं काढून एकाचं भागेल. चौऱ्याहत्तरांचं काय करू?"

दोन दिवस ती आदेशाचा कागद वाचत राहिली. तिसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं, की त्यात जोडण्या किती ते लिहिलंय, एका जोडणीवर घरं किती ते कुठंच नाही. तिनं तांड्याचा कच्चा नकाशा काढला. ज्या दोन घरांची भिंत एक, त्या भिंतीवर एक नळ. असे पंच्याहत्तर नळ, दीडशे घरांना. राहिली चौसष्ट घरं, ती मोठ्या कुटुंबांची नाहीतर एकटी पडलेली, त्यांना आपापला. स्वतःचं नाव तिनं शेजारच्या मंजुळाबाईसोबत लिहिलं. मंजुळाबाईशी तिचं गेल्या दोन वर्षांपासून कोंबड्यांवरून बोलणं बंद होतं.

यादी बघून गिरीनं कपाळाला हात लावला. "एका जोडणीला दोन नावं?"

"जोडण्या एकशे एकोणचाळीसच हायेत, साहेब. मोजून बघा."

त्यानं खरंच मोजल्या. मग सही केली.

जूनच्या तोंडाला पाणी आलं, एक दिवसाआड, सव्वा तास. पहिल्याच आठवड्यात नऊ भांडणं शिलाच्या ओट्यावर आली. आधी कुणाचा हंडा, कुणी तोटी उघडी टाकली, कुणी पाइप लावून म्हैस धुतली. ती सोडवून सोडवून तिचा घसा बसला. मंजुळाबाई मात्र पहिल्या दिवशी हंडा घेऊन आली आणि नळाकडं बघतच म्हणाली, "तू भर आधी. तुला कचेरीत जायचं असतं."

शिलानं भरला. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा तिनं सकाळी विहिरीकडं न जाता चहा टाकला. कप तोंडाला लावते तोच फोन वाजला. देविदास भाऊसाहेब होते.

"ताई, पुढच्या वर्षाचा आराखडा करून राहिलो. अंगणवाडीच्या खोलीचं विचारलंय वरून. तांड्यात लहान लेकरं किती? जुन्या कागदावर चार दिसतात. चारच लिहू का?"

शिलानं कप खाली ठेवला आणि खुंटीवरची पिशवी काढली.

"थांबा, भाऊसाहेब. मी येऊन राहिले. तवर काहीच लिहू नका."