वासरांचं गवत

तारेच्या कुंपणात झेब्र्याचं एक शिंगरू अडकून मेलं होतं. कितीतरी दिवस कोणी काढलं नाही, कारण ती जमीन आता कोणाची हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं.

*

नवऱ्याचा फोन आला, चुल्यूच्या डोंगरावरून. मोठा कळप घेऊन तो तिकडे गेला होता. वाऱ्याचाच आवाज जास्त.

"गवत किती उरलंय?"

थोरलीने फोन माझ्याकडे दिला. आम्ही दोघी एकाच नवऱ्याच्या; ती थोरली, नाव नूनकिपा, मी धाकटी. मी म्हटलं, "आम्ही बऱ्या आहोत."

"ते कळलं गं. गवत?"

*

लहानपणी मी दूध सांडलं म्हणून आईने छडी उचलली. मी खाली वाकले, गवत उपटलं आणि मूठ वर धरली. आई तशीच थांबली. दात-ओठ खात छडी फेकून निघून गेली. ज्याच्या हातात गवत आहे त्याच्यावर हात उचलायचा नसतो. गाय गवतावर जगते, आपण गाईवर.

*

एकाने दुसऱ्याला कालवड दिली की ती दोघं पुढे एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत. 'कालवडी' म्हणतात. शेजारच्या परमुआतने थोरलीला तिच्या लग्नात कालवड दिली होती. त्यामुळे हा उंचापुरा बाप्या लांबूनच ओरडायचा, "काय कालवडी, चहा टाकलायस का?"

आतून थोरली म्हणायची, "तू दूध आण कालवडी, मग टाकते."

*

आणि मग ती सकाळ.

घराजवळचा उतार आम्ही पाऊस संपला की बंद करतो. काटेरी फांद्या लावतो, मोठी जनावरं लांब पाठवतो. कोरड्या दिवसांत तिथे फक्त वासरं चरतात आणि आजारी जनावरं. माळ सगळ्यांचा एक होता तेव्हाही एवढ्या तुकड्याला कोणी शिवत नसे. आता माळाचेच तुकडे झालेत. परमुआतने आपला तुकडा विकला आणि त्याच्याभोवती तार आली. विकला तेव्हा चांगला पाऊस झाला होता. पाऊस चांगला झाला की माणसाला जमीन जास्तच वाटते.

थोरली कुरणाकडे गेली तर फांद्या बाजूला ओढलेल्या, आणि परमुआतच्या चार गाई आत. तो स्वतः उकिडवा बसलेला. पळाला नाही.

"बाहेर काढ."

"काढतो. चार घास खाऊ देत."

"आणि माझी वासरं काय खातील, कालवडी? तुझी तार?"

तो गाईंकडे बघत राहिला. "सकाळी उठत नव्हत्या. शेपटीला धरून एकेकीला उभी केली."

"मला विचारायचंस ना मग."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते," थोरली म्हणाली.

ओरडा ऐकून पोरं काठ्या घेऊन आली. त्यांनी गाई हाकलल्या आणि परमुआतलाही त्यांच्यासोबत बाभळीखाली आणलं. म्हातारी माणसं जमली. आम्ही बायका जरा लांब बसलो. अशा बैठकीत आम्ही बोलत नाही, पण ऐकू येईल इतक्या जवळ बसतो.

कोरिआता सगळ्यांत वयस्कर. त्याने तपकीर ओढली, नाक पुसलं, मग म्हणाला, "वासरांच्या तोंडचं काढलंस. एक जनावर द्यावं लागेल."

"चारच आहेत, बाबा."

"मोजता येतं मला. पण आधी माफी माग. गवत कुठाय तुझं?"

परमुआतने आजूबाजूला पाहिलं. आम्हीही पाहिलं. लाल माती, शेणाची धूळ, शेळ्यांनी सोललेली झुडपं.

"गवत असतं तर मी इथे कशाला उभा असतो?"

मागे कोणीतरी हसलं. कोरिआता हसला नाही. "तारेच्या आत असेल की. जा, मालकाला विचार."

"मालक नैरोबीत असतो."

"मग मी काय करू? रिकाम्या हाताची माफी मी कधी ऐकली नाही, माझ्या बापाने ऐकली नाही."

पोरांनी काठ्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. गवत होतं ते फक्त काट्यांच्या आत, आणि तिथून उपटायचं म्हणजे वासरांची चोरी दुसऱ्यांदा करायची. परमुआतने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

माझ्या शेजारून थोरली उठली. मी तिचं लुगडं धरलं. तिने सोडवून घेतलं. ती सावकाश कुरणाशी गेली, एक फांदी सरकवली, वाकली. मुळासकट उपटलं नाही तिने, वरच्यावर तोडलं. मूठभर. ते आणून तिने परमुआतच्या हातात दिलं.

"धर."

"कालवडी, हे तुझ्या वासरांचं…"

"वर धर म्हटलं ना."

त्याने हात वर केला. कोरिआताने शांततेचे शब्द म्हणायला सुरुवात केली. म्हातारी माणसं हे काम घाईने करत नाहीत. आधी पाऊस येतो, मग गाई, मग लेकरं. तो अजून पावसावरच होता तेवढ्यात परमुआतच्या मागे उभ्या असलेल्या बांड्या गाईने मान लांब केली. तिचं तोंड त्याच्या खांद्यावरून पुढे आलं, जीभ बाहेर आली आणि मुठीतलं गवत ओढून घेऊन गेली.

मूठ घट्ट आवळता आली असती त्याला. त्याने बोटं सैल केली. मी बघितलं.

गाय चावत होती, तेवढाच आवाज.

एक पोरगा म्हणाला, "बाबा, माफी गाईने खाल्ली. आता?"

कोरिआताने गाईकडे बराच वेळ पाहिलं. तिच्या बरगड्या, तिचे खोल गेलेले डोळे.

"तिलाही मागायची असेल," तो म्हणाला. "झाली माफी. जनावर नको. काठ्या खाली ठेवा रे."

माणसं पांगली. परमुआतने हाताला लागलेली लाळ अंगावरच्या चादरीला पुसली आणि गाई वळवल्या.

"ती बांडी ठेव," थोरली म्हणाली.

"कुठे?"

"आत. वासरांबरोबर. एका तोंडापुरतं शिल्लक आहे."

तो थांबला. "आणि या तिघी?"

"चुल्यूला ने. माझ्या नवऱ्याला भेट, म्हणावं मी पाठवलंय. तुमची सुंता एकाच वर्षी झाली, भाऊच तुम्ही, तुला हाकलणार नाही तो."

"पोचायच्या नाहीत, कालवडी."

"माहीत आहे."

तो तिघींना घेऊन उताराच्या बाजूने गेला. मधली सारखी बसायला बघत होती, तो तिला खांद्याने ढकलत होता. धूळ बसेपर्यंत आम्ही बघत राहिलो.

थोरलीने बांडीला आत घातलं. वासरं धावत आली, तिच्या आटलेल्या कासेला ढुशा द्यायला लागली. गाईने लाथ मारली नाही. थोरलीने फांद्या परत ओढून लावल्या, तळव्यात घुसलेला काटा दातांनी काढला आणि थुंकली.

आमचं सगळ्यांत धाकटं वासरू आदल्या दिवशी दुपारी मेलं होतं.