शब्द हिर्सीचा, पाय दहबोचे

तिसऱ्या प्रहरची असरची नमाज होऊन गेली तरी दहबोच्या आतल्या खोलीत तो पाकिस्तानी शिपाई बसूनच होता, आणि त्याचं काय करायचं हे घरात कुणालाच सुचत नव्हतं. हुद्दा नायक, नाव तसव्वर, गाव चकवाल, काम पाण्याचा टँकर चालवणं. गेले आठ महिने तो मोगादिशूच्या या मोहल्ल्यात एक दिवसाआड टँकर घेऊन यायचा, आणि शेजारच्या सीटवर दहबोचा नवरा हिर्सी बसलेला असायचा. हिर्सी त्याचा अब्बान होता, परक्याला अभय देणारा जामीनदार. मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांसमोर त्याने सांगितलं होतं, ह्याचं रक्त सांडलं तर ते माझं सांडलं. त्या एका वाक्यावर आठ महिने टँकरला एकही गोळी लागली नव्हती.

आज सकाळी तसव्वर शेवटची फेरी मारायला आला. मशिदीमागचा हौद कोरडा पडला होता आणि मायदेशी जायच्या आधी तो भरून देईन असं तो बोलून बसला होता. हौद अर्धा भरला आणि तिठ्यावर गोळीबार सुरू झाला. परदेशी फौजा गेल्यावर विमानतळ कुणाचा, यावरून दोन कुळांनी फौजा जायच्या आधीच भांडायला घेतलं. तेवढ्यात टँकर लुटला गेला, टँकरमधली रायफल गेली, आणि छातीवरच्या वायरलेसवरून कळलं की तसव्वरची तुकडी आजच बंदरात हलली आहे. शेवटची बोट सात वाजता. मग वायरलेसची बॅटरी संपली, आणि हिर्सीने त्याला घरात आणून बसवलं.

शांतता राखायला आलेल्या फौजा शांतता न राखताच परत निघाल्या होत्या, आणि त्यांना न्यायला सहा-सात देशांची जहाजं दोन दिवस समुद्रात उभी होती. गच्चीवरून ती सगळी दिसत. त्यातल्या एकालाही या खोलीतला माणूस दिसत नव्हता.

"रायफलचा नंबर मला तोंडपाठ आहे," तसव्वर मोडक्यातोडक्या सोमालीत तिसऱ्यांदा म्हणाला. "साहेब विचारणार, नंबर सांगता येईल, पण रायफल?"

"आधी जीव घेऊन जा, मग नंबर सांग," दहबो म्हणाली. ती पन्नाशीची होती, अंगाने किरकोळ आणि जिभेने भारी.

हिर्सी उठून उभा राहिला. "मी नेतो त्याला."

"कुठवर? तिसऱ्या खांबापर्यंत?" दहबो म्हणाली. "तिथे तुला पाडतील आणि मग तुझ्या अंगावरून ह्याला नेतील. बस खाली."

हिर्सी खाली बसला. ती म्हणत होती ते खरंच होतं. बंदराकडे जाणारा रस्ता तांबड्या शाळेपाशी, तिथल्या तिसऱ्या विजेच्या खांबापासून, दुसऱ्या कुळाच्या ताब्यात जात होता, आणि त्या कुळातल्या पोरांना हिर्सीचं तोंड दिसलं असतं तर पुढचं काही विचारायची गरज नव्हती. पण ते दुसरं कुळ दहबोचं माहेर होतं. लग्न झालं म्हणून बाईचे आजे-पणजे बदलत नाहीत. लढाई पेटल्यापासून पुरुष आपापल्या बाजूला अडकून पडले होते. सासर इकडे आणि माहेर तिकडे असलेल्या बायका मात्र रोज तो रस्ता ओलांडत होत्या, कांदे नेत होत्या, निरोप नेत होत्या, कधी मढीसुद्धा. दहबो दर शुक्रवारी जायची. तिची आई तिकडे होती, ऐंशीची, दोन्ही डोळ्यांनी गेलेली.

"मी नेते," ती म्हणाली.

नको म्हणायला हिर्सीकडे तोंड नव्हतं आणि हो म्हणायला लाज वाटत होती. दहबोला त्याचा राग आला आणि कीवही आली. शब्द पुरुषांनी द्यायचे आणि चालायचं बायकांनी.

तिने तसव्वरला हिर्सीची लुंगी आणि सदरा दिला. बूट काढायला तो तयार होईना, सरकारी होते. शेवटी ते तिने कांद्याच्या पिशवीत तळाशी घातले. साडेचारला दोघं निघाले, ती पुढे, तो चार पावलं मागे.

"असा कवायतीसारखा चालू नकोस," ती न वळता म्हणाली. "जरा पाय ओढ. सगळं जग लुटून नेलंय तुझं, असा चाल."

"तसंच तर झालंय, माई," तो म्हणाला.

रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. दोन ठिकाणी गोळ्यांचा आवाज जवळ आला तेव्हा दोघं भिंतीला चिकटून उभे राहिले. तांबड्या शाळेपाशी पोचायला त्यांना सव्वापाच झाले.

तिथे रस्त्यावर आडवी ठेवलेली बस होती, आणि बससमोर थिएटरातून उचलून आणलेल्या खुर्चीवर गूलेड बसला होता. तिच्या सख्ख्या भावाचा मुलगा, चोवीस वर्षांचा, मांडीवर बंदूक. त्याला पाहून दहबोला हायसं वाटलं आणि लगेच धास्तीही वाटली. रमजानमध्ये या वेळेला पोरांच्या पोटात अन्न नसतं, गालात खात नावाचा नशेचा पाला नसतो आणि बोट मात्र चापावर असतं.

"आत्या, आज शुक्रवार नाही," गूलेड म्हणाला.

"आईला बघायला वार लागतो का रे?"

"आणि हा मागचा कोण?"

खोटं बोलायचं तिने वाटेत ठरवलं होतं. पण गूलेडच्या शेजारी बूराले उभा होता, आडदांड आणि चौकस. तो तसव्वरकडे पाहून आधीच हसत होता.

"हा टँकरवाला," बूराले म्हणाला. "पाकिस्तानी. लुंगी बघा कशी नेसलाय, टॉवेल गुंडाळल्यासारखी."

"पाहुणा आहे," दहबो म्हणाली. "बंदरात सोडायचाय."

"कुणाचा पाहुणा?" गूलेडने विचारलं.

"माझा."

चौघं-पाचजण हसले. बायका कधीपासून अभय द्यायला लागल्या, असं कुणीतरी म्हणालं.

"हिर्सीचा पाहुणा म्हण," गूलेड म्हणाला. "हिर्सीचा शब्द त्या तिसऱ्या खांबाशी संपतो, आत्या. इथे आमचा शब्द चालतो, आणि आम्ही ह्याला दिलेला नाही. तू आजीकडे जा. हा राहू दे इथे."

"काय करणार त्याचं?"

"ह्याच्या बदल्यात ते दोन जीप देतील," बूराले म्हणाला. "नाही दिल्या तर बघू."

त्या 'बघू'चा अर्थ दहबोला बरोबर कळला. हातापाया पडावं तर पोरं जास्तच चढतात, हे तिला ठाऊक होतं. ओरडावं तर तिथे ऐकणारं कुणी नव्हतं. उभ्या उभ्या तिला बसच्या सावलीत मांडलेलं फडकं दिसलं. त्यावर खजुरांची थाळी होती, समोशासारखे सांबूसे होते, पाण्याचा तांब्या होता. सगळं तयार होतं, फक्त सूर्य बुडायचा बाकी होता.

ती मटकन फडक्याशेजारी बसली. "पाय गेले माझे. जरा टेकते. तूही बस रे," असं तिने तसव्वरला सांगितलं, आणि कुणी नको म्हणायच्या आत गूलेडला विचारलं, "तुझ्या बहिणीला काय झालं? मुलगी ना?"

"मुलगा."

"मला मुलगी सांगितली! कुणावर गेलाय?"

आणि दहबो बोलत सुटली. बाळाचं नाक, विहिणीचे नखरे, मेलेल्या उंटिणीची गोष्ट, गूलेडच्या बापाने लहानपणी शाळेतून पळून जाऊन दहबोकडून मार खाल्ला होता ती गोष्ट. घरची खबर सांगणाऱ्या वडील बाईला मध्येच गप्प करणं हे बंदूक मांडीवर असलेल्या पोरालाही जमत नाही. गूलेड दोनदा म्हणाला, "बरं, आत्या," आणि दोन्ही वेळा तिने नवीन नातेवाईक काढला.

तसव्वरला यातलं काही कळत नव्हतं. त्याने घड्याळ पाहिलं. "माई, पावणेसहा," तो कुजबुजला. थोड्या वेळाने, "माई, सहा." त्याच्या आवाजात आता वेगळंच काही होतं. ही बाई आपल्याला इथे आणून बसवतेय, हिने आपल्याला विकलं, असं त्याच्या मनात आलेलं दहबोला स्पष्ट दिसलं. त्याला सांगायची सोय नव्हती. समुद्राकडून हेलिकॉप्टरचा आवाज येत होता. एकेक मिनिट बोटीचं होतं आणि ते ती मेलेल्या उंटिणीवर खर्च करत होती. उशीर झाला तर ह्याला वाचवूनही काही उपयोग नव्हता, बोटच नसती.

वीज नव्हती, त्यामुळे मशिदीतला बांगी नुसत्या गळ्याने बांग द्यायचा, आणि त्याचा घसा बसलेला. सहा वाजून बारा मिनिटांनी तो बसलेला आवाज आला. बंदुका खाली टेकल्या गेल्या. गूलेडने थाळी ओढली, पुटपुटला, पहिला खजूर आत्याला दिला, दुसरा स्वतः खाल्ला आणि मग लहानपणापासून लागलेल्या सवयीने हात पुढे केला, शेजारी जो बसलेला होता त्याच्याकडे.

तसव्वरने छातीवर हात ठेवला. "आधी तुम्ही," तो अदबीने म्हणाला.

चकवालची तहजीब, आणि तीही आत्ताच सुचायची होती. तिने बुरख्याखालून त्याच्या मांडीला असा चिमटा काढला की तो दचकला, आणि दचकता दचकता त्याने खजूर घेतला. तोंडात टाकला. गूलेडने तांब्या दिला, तो प्याला.

"खाल्लं?" दहबोने मोठ्याने विचारलं. "गूलेड फराह आवालेच्या हातचं खाल्लं ह्याने. सगळ्यांनी पाहिलं. बूराले, तू पाहिलंस?"

बूरालेचा सांबूसा तोंडाशीच राहिला. गूलेड थाळीकडे पाहत होता. त्याच्या हाताने रोजा सोडलेला माणूस आता त्याचा होता, आणि त्या माणसाला त्याच्याच पोरांनी हात लावला असता तर आवालेच्या नातवाला, म्हणजे गूलेडला, शहरात तोंड दाखवायला जागा उरली नसती. बूराले खो खो हसायला लागला, आणि ते हसणं गूलेडला जास्त झोंबलं.

"आत्या, तू फसवलंस मला."

"मी काय केलं? मीसुद्धा खजूरच खाल्ला. ऊठ, बोट सातला सुटते."

पिकअपमधून ते बंदराच्या अलीकडच्या वळणापर्यंत आले तेव्हा साडेसहा झाले होते. पुढे दोनशे पावलं मोकळी वाळू, मग वाळूची पोती, आणि पोत्यांमागे परदेशी सैनिक. काल अशीच एक पिकअप त्यांच्या दिशेने गेली होती. तिचा सांगाडा रस्त्यावर अजून होता.

"त्याला एकटा सोड," दहबो म्हणाली. पण तिचं तिलाच ते खरं वाटलं नाही. लुंगी नेसलेला एक माणूस अंधारातून पळत येताना दिसला तर ते नाव विचारणार नव्हते. शिवाय पाहुणा हातातून हातात द्यायचा असतो, वाटेत सोडायचा नसतो.

गूलेडने तिच्याकडे पाहिलं नाही. बंदूक बूरालेकडे दिली. सदरा काढून उघडा झाला, अंगावर काही नाही हे दिसावं म्हणून. तसव्वरने बूट घातले, दहबोपुढे वाकला. मग दोघं एकमेकांचा हात धरून आणि मोकळे हात वर करून चालायला लागले.

दहबो वळणावर उभी राहिली. इतका वेळ तिला एकाच माणसाची काळजी होती. आता तिच्या लक्षात आलं की भावाच्या एकुलत्या एका मुलाला तिने स्वतःच्या हुशारीने त्या बंदुकांसमोर चालत पाठवलंय. पांढरा झोत लागला. कुणीतरी ओरडलं. दोघं वाळूत पालथे पडले. तसव्वर पडल्या पडल्या त्यांच्या भाषेत काहीतरी सांगत होता, बहुधा तो रायफलचा नंबर.

आणि एक गोळी उडाली.

दहबो खाली बसली. बूराले हसायचा थांबला होता. झोतात दोन माणसं आली आणि एकाला उठवून घेऊन गेली. दुसरा तसाच पडून होता. ती अल्लाचं नाव घ्यायला लागली आणि पुढचे शब्द तिला आठवेनात.

बऱ्याच वेळाने दुसरा उठला. हात वर ठेवूनच उलटा चालत आला. त्याच्या तोंडात, केसांत वाळू होती.

"लागलं?" तिने विचारलं.

"शेजारी मारली. वाळूत." तो थुंकला. "ते घालतील गोळी हे तुला माहीत होतं."

"हो."

"खजूर खायच्या आधीपासून?"

दहबो त्याच्या केसांतली वाळू झाडायला गेली, तो मागे सरकला.

"आजीला मी सांगेन तू बरी आहेस म्हणून," गूलेड म्हणाला. "तू येऊ नकोस. पोरांना सांगून ठेवतो, हिर्सीची बायको या रस्त्याने दिसली तर परत पाठवायची. तू त्यांची आहेस. आज कळलं."

बंदराकडून बोटीचा भोंगा आला. सात वाजले होते.

ती घरी पोचली तेव्हा हिर्सी दारातच उभा होता. नमाजेलाही गेला नव्हता.

"पोचला?"

"पोचला."

तो भिंतीला टेकला. डोळे पुसले, मग हसला. ती पाणी पीत होती तोवर त्याने तिच्याकडून सगळं काढून घेतलं, खजूर, चिमटा, गूलेडने काढलेला सदरा. वाळूनंतरचं तिने सांगितलं नाही.

"वा," तो म्हणाला. "माझा शब्द राखला पोराने. ईद दोन दिवसांवर आहे. आईकडे जाशील तेव्हा त्याला आपल्याकडचा हलवा घेऊन जा. चांगला मोठा डबा भर."

"तूच जा घेऊन," दहबो म्हणाली.

"मी? मला तिकडे कोण जाऊ देतंय?"

"मलाही नाही," ती म्हणाली, आणि तांब्या खाली ठेवून रडायला लागली.