एका वाटीपुरतं

"काय जाळलंस गं, चारशेवाले?"

आतल्या खोलीतून सासूबाईंची हाक आली तेव्हा ती बाल्कनीत चादरी वाळत घालत होती. हातातली ओली चादर तशीच दोरीवर फेकून ती स्वयंपाकघरात धावली. धुराने डोळे चुरचुरत होते. छोट्या पातेल्याच्या तळाला जे काही चिकटून बसलं होतं, त्याला दहा मिनिटांपूर्वी तुती म्हणत असत, यावर कुणाचा विश्वास बसला नसता. रस्त्यावर डांबर घालणाऱ्यांनी मात्र आनंदाने नेलं असतं.

"काही नाही आई," तिने गॅस बंद करत उत्तर दिलं.

"काही नाही कसं? दात गेलेत माझे. नाक शाबूत आहे अजून."

चारशेवाली हे नाव सासूबाईंनीच ठेवलेलं, आणि ते कौतुकाने ठेवलेलं नव्हतं. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ती एकतीस वर्षं स्वयंपाक करत होती. एका पाळीला चारशे माणसं. तिथे तिचा दरारा होता. एकदा चारपैकी तीन शेगड्या ऐन सकाळी बंद पडल्या, तरी बाराच्या भोंग्याला तिने एका शेगडीवर चारशे ताटं वाढून दाखवली होती. मॅनेजर स्वतः येऊन हात जोडून गेला होता. आणि संध्याकाळी हीच बाई घरी आली की सासूबाई म्हणायच्या, "आली आमची चारशेवाली. बस तिकडे, हात लावू नकोस कशाला."

त्याचं मूळ फार जुनं होतं. ती अकरा भावंडांच्या घरातून आलेली. लग्नानंतर पहिल्यांदा या स्वयंपाकघरात शिरली आणि खाणारी तोंडं तीन असताना तिने जे काही रांधलं, ते तीन दिवस पुरलं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिच्या हातातून पळी काढून घेतली. "इथे माणसं राहतात, पलटण नाही," एवढंच म्हणाल्या, आणि ती पळी काही परत दिली नाही. वर्षभराने तिला कॅन्टीनमध्ये नोकरी लागली, तिथे तिच्या मोठ्या हाताचं सोनं झालं, पण घरातला गॅस कायमचा परका राहिला. पुढे म्हाताऱ्या हातांना कंप सुटला, तेव्हा सासूबाईंनी खुर्चीत बसून मुलाकडून स्वयंपाक करून घ्यायला सुरुवात केली. पाणीखात्यातून निवृत्त झालेला तो सालस माणूस साठीत सूप ढवळायला शिकला. सुनेला मात्र गॅसपाशी फिरकू द्यायचं नाही, हा नियम कायम होता. तीन महिन्यांपूर्वी ती निवृत्त झाली, तरीही.

मग सोमवारी सासूबाईंचे उरलेसुरले पाच दात काढले. त्या दिवसापासून म्हातारीने अन्नाशी कट्टी घेतली. मुलाने केलेलं सूप बाजूला सारलं, खिमट बाजूला सारलं, कुस्करलेल्या बटाट्याकडे तर पाहिलंसुद्धा नाही. दिवसाकाठी पेलाभर दूध, तेही अर्धं. शहाऐंशी वर्षांचा देह, पाच दिवसांत गालांची पार वाट लागली. गुरुवारी नणंदेचा फोन आला. ती नवऱ्याची थोरली बहीण, बोलायला रोखठोक.

"हे बघ, तुला दोष देत नाही मी. पण आई अशीच उपाशी राहिली तर शनिवारी चार वाजता मी गाडी घेऊन येणार आणि तिला माझ्याकडे नेणार. तुमच्याने होत नाहीये ते."

"ताई, बघते ना मी," ती म्हणाली.

"तू काय बघणार? तुला कुठे सवय आहे घरच्या स्वयंपाकाची?"

तिने फोन ठेवला. दुसरी एखादी म्हणाली असती, जाऊ दे म्हातारीला, सुटले एकदाची. तिला तसं वाटेना. एकतीस वर्षं कारखानाभर माणसांना जेवू घातलं आणि घरातली एक म्हातारी उपाशी उठून दुसऱ्याच्या दारी गेली, तर मग केलं काय आपण आयुष्यभर? हे तिला फार लागलं. घास चारशेंचा असो की एकीचा, तो तिच्या हातून जायला हवा होता.

दंतवैद्याने मऊ पदार्थांची, कृतींसकट, एक चिठ्ठी दिली होती. शुक्रवारी रात्रीच्या जेवणानंतर तिने ती सासूबाईंना वाचून दाखवली. दही, सूप, कुस्करलेलं केळं. म्हातारीने प्रत्येकाला डोळे मिटूनच नकार दिला. शेवटी "बेरींचं साधं कॉम्पोट" असं आलं, तेव्हा एक डोळा उघडला.

"ते काय असतं?"

"फळं थोड्या साखरेत शिजवायची. स्ट्रॉबेरी, तुती, काहीही चालतं म्हणे."

"तुती," म्हातारी म्हणाली. "आम्ही झाडावर बसून खायचो." आणि तो डोळाही मिटला.

तेवढं पुरे होतं. शनिवारी सकाळी ती बाजारात जाऊन हंगामातली शेवटची टोपली घेऊन आली. फळवाला म्हणाला, यापुढे थेट पुढल्या वर्षी. घरी येऊन तिने एकेका तुतीचा देठ नखाने खुडला. हात मनगटापर्यंत जांभळे झाले.

आणि पहिलाच घाणा करपला. खरं तर तिच्याकडून निष्काळजीपणा झाला नव्हता, सवय नडली होती. कॅन्टीनच्या पातेल्यात बारकं पोर बसून आंघोळ करील. ते शेगडीवर चढवलं की पहिला बुडबुडा यायला पाऊण तास. तेवढ्यात बटाटे सोलून होतात, ताटं मांडून होतात, कुणाशी तरी भांडूनही होतं. पातेलं चढवलं की पाठ फिरवायची, हे तिच्या अंगात भिनलेलं. एवढ्याशा भांड्याला तीन मिनिटांत उकळी फुटते, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

नवरा वास घेत आत आला. त्याने कडेची जरा बरी दिसणारी तुती चमच्याने खरवडून तोंडात टाकली.

"चांगलं झालंय," तो म्हणाला.

"अहो, कोळसा झालाय त्याचा!"

"म्हणजे, कोळशाच्या मानाने."

या माणसाने उभ्या आयुष्यात कुठल्याही पदार्थाला नावं ठेवली नव्हती. त्यामुळे त्याच्या मताला घरात काडीची किंमत नव्हती.

दुसऱ्या घाण्याला ती पातेल्यापासून हलली नाही. पण चिठ्ठीत 'दोन चमचे पाणी' लिहिलं होतं आणि तिचा हात तांब्याकडे गेला. चमचा हे माप तिला आयुष्यात कधी लागलंच नव्हतं. तिथे बादलीने पाणी आणि पोत्याने मीठ. दोन चमचे पाणी म्हणजे काय, भांड्याचा तळसुद्धा ओला होणार नाही, असं तिच्या मनाने घेतलं आणि तिने चांगलं ओतलं. तुती गटांगळ्या खाऊ लागल्या. दाट होईना म्हणून तिने मूठभर साखर टाकली, तरी होईना म्हणून आणखी एक मूठ. वर दोन्ही हातांनी घुसळलं, जणू अजून पायाखाली कॅन्टीनची फरशी होती. तुतींचा पार चोथा झाला. नवऱ्याने पेला भरून घेतला, घोट घेतला, डोळे किलकिले केले.

"चांगलं झालंय. गोड आहे जरा."

"जरा?"

"बरंच." मग पेला संपवून तो प्रामाणिकपणे म्हणाला, "पण आई नाही घ्यायची हे."

घड्याळात तीन वाजून गेले होते. टोपलीच्या तळाशी एक वाटी तुती उरल्या होत्या, मोजून एक. चारशे ताटांना जी बाई कधी डगमगली नव्हती, ती एका वाटीपुढे डगमगली.

"मी करू का?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"तुम्ही बाहेर बसा," ती म्हणाली. "आणि ते स्टूल द्या इकडे."

तिने स्टूल गॅससमोर ठेवलं आणि त्यावर बसली. एकतीस वर्षांत ती शिजत्या अन्नासमोर बसली नव्हती. ज्योत इतकी बारीक केली की आहे की नाही ते वाकून पाहावं लागलं. चिठ्ठीत म्हटल्याप्रमाणे दहा-बारा तुती बाजूला काढल्या, बाकीच्या भांड्यात घातल्या. साखर दोन चमचे, सपाट. पाणी दोन चमचे. हात पुढे जायला लागला तसा तिने दुसऱ्या हाताने तो धरला. "पुरे," ती स्वतःलाच मोठ्याने म्हणाली.

आणि ती बघत राहिली. आधी काहीच होईना. तुती आपल्या रुसल्यासारख्या बसून होत्या. मग कडेच्या एकीने रस सोडला, तिच्या शेजारणीने सोडला, आणि बघता बघता तळाशी गडद जांभळा पाझर जमला. किती थोडक्यात हे सगळं होतं! ढवळायला तिने दोनच बोटांत चमचा धरला आणि कडेकडेने फिरवला. एकही तुती फुटू दिली नाही. तिला मनापासून मजा वाटायला लागली. इतकी वर्षं आपण अन्न शिजवलं, पण अन्न शिजतं कसं हे आजच पाहिलं, असं तिच्या मनात आलं आणि ती एकटीच हसली.

पुढचं तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने थंड ताटलीवर एक थेंब टाकला आणि ताटली कलती केली. थेंब सावकाश, जडपणे सरकला. झालं! कॅन्टीनमध्ये जॅम ती असाच पारखायची, आणि थेंब तिथला असो की इथला, खोटं बोलत नाही. गॅस बंद करून तिने बाजूच्या अख्ख्या तुती आत सोडल्या, लिंबाचे चार थेंब पिळले, आणि पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून निववलं. चमचाभर चाखून पाहिलं. आंबट, गोड, मध्येच एखादी अख्खी तुती जिभेवर फुटत होती. तिचे डोळे चमकले. हे बरोबर होतं. हे इतकं बरोबर होतं की कॅन्टीनमधल्या चारशे जणांना ओरडून सांगावंसं वाटलं.

चारला पाच मिनिटं असताना नणंद आली. आल्या आल्या तिने आईचं कपाट उघडून साड्या काढायला घेतल्या. तेवढ्यात सून वाटी घेऊन खोलीत शिरली.

"एवढंसं?" नणंद वाटीत डोकावून म्हणाली.

"एवढंच."

सासूबाई उशाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी वाटीकडे संशयाने पाहिलं. "काय आहे ते?"

"तुती."

"मघाशी जाळल्यास त्या?"

"त्या ह्यांनी खाल्ल्या."

म्हातारीच्या ओठांचा कोपरा हलला. पण हात काही पुढे आला नाही. "तू केलंस?"

"हो."

दारात नवरा उभा होता, नणंदेच्या हातात साडी तशीच राहिली होती. सुनेने वाटी तशीच पुढे धरून ठेवली. शेवटी सासूबाईंनी चमचा उचलला, टोकाने जरासं घेतलं आणि ओठांना लावलं.

त्यांनी डोळे मिटले. बोळकं बराच वेळ हलत राहिलं. मग चमचा पुन्हा वाटीत गेला, या वेळी भरून. मग पुन्हा.

"आई, मी भरवते, सांडतंय बघ," नणंद पुढे झाली.

"हो बाजूला!" म्हातारीने तिचा हात झटकला. हनुवटीवरून रस ओघळत होता, दुपट्यावर जांभळे डाग पडत होते, पण त्या शहाऐंशी वर्षांच्या तोंडावर झाडावर बसलेल्या पोरीचा हावरटपणा आला होता. पाच दिवसांत तिच्या पोटात जेवढं गेलं नव्हतं, तेवढं दोन मिनिटांत गेलं.

"बघू तरी काय एवढं आहे," नणंद म्हणाली. "मला एक चमचा दे."

म्हातारीने वाटी छातीशी ओढली. "मिळायचं नाही. माझ्यापुरतंच केलंय तिने."

नवऱ्याने दारातून बायकोकडे पाहिलं. ती खाली मान घालून उभी होती, पण कान लालबुंद झाले होते. बत्तीस वर्षांत या घरात तिला जे जमत नाही असं ठरून गेलं होतं, ते तिला जमलं होतं, आणि ते म्हणणारी दुसरी कुणी नव्हती, साक्षात सासूबाई होत्या.

"बरं, मग कपडे भरू का?" नणंदेने जरा नमतं घेत विचारलं. "गाडी खाली उभी आहे."

"कुणाचे? तुझे भर. मला कुठे नेतेस? तुझ्याकडे हे कोण करणार?"

नणंदेने साडी मुकाट्याने घडी करून कपाटात ठेवली. मग एकदम हसली आणि भावजयीच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "जिंकलीस गं बाई."

सासूबाईंचं कुणाकडे लक्ष नव्हतं. त्यांनी चमचा बाजूला ठेवला, बोट वाटीच्या कडेने फिरवून चाटलं, आणि रिकामी वाटी पुढे केली. मुलीपुढे नाही, मुलापुढेही नाही.

"आहे का गं अजून?"

कॅन्टीनमध्ये यासारखी नामुष्की नसे. रांगेतल्या शेवटच्या माणसाला 'नाही' म्हणायची पाळी येऊ नये म्हणून ती एकतीस वर्षं दोन पातेली जास्तीची शिजवत आली होती. आज तिने वाटी दोन्ही हातांनी घेतली आणि सासूबाईंच्या डोळ्यांत बघून, खणखणीत आवाजात सांगितलं,

"नाही, आई. संपलं."