दोन भावंडांचा एकच कप्पा

मी एक जुना लपवलेला रकाना आहे. मुलांच्या दवाखान्यात वेळ ठरवण्यासाठी घरबसल्या संगणकावर जो अर्ज भरतात, त्यात मी राहतो. तुम्ही मला कधी पाहिलेले नाही आणि मलाही तुमच्या नजरेत भरायची हौस नाही. पद्धत आहे म्हणून तुम्हाला ‘मित्रांनो’ म्हणतो.

आमच्या अर्जाची पाने तीन. पहिल्यावर मुलाचे नाव आणि त्याला कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते लिहायचे, दुसऱ्यावर वेळ निवडायची, तिसऱ्यावर चिठ्ठी छापून घ्यायची. पाने दिसायला देखणी, पण डोक्याने शून्य. तुम्ही ‘पुढे’ दाबले की पहिल्यावर काय लिहिले ते दुसऱ्याच्या गावीही नसते. म्हणून मला घडवणाऱ्या बाईंनी प्रत्येक पानात, कोणाला दिसणार नाही अशा जागी, मला बसवले. पहिल्या पानावरची अ‍ॅलर्जी पोटात घेऊन मी तिसऱ्यापर्यंत न्यायचो. शेजारचा रकाना नाव न्यायचा. नऊ वर्षे आम्ही हे ओझे वाहिले. कौतुक मात्र पानांच्या रंगाचे झाले.

मग बाईंच्या जोडीला, अर्जाची दुरुस्ती पाहायला नवे साहेब आले. कानाला मोठे हेडफोन, बोलण्यात त्याहून मोठा आवाज.

“आजाराची माहिती अशी उघडी कोण ठेवतं?” ते म्हणाले.

ते खोटे नव्हते. मी लपवलेला असलो तरी गुप्त नाही. पानाची मागची बाजू उघडणाऱ्याला मी दिसतो. पण अर्धवट शहाण्याच्या हाती बरोबर मुद्दाही वाया जातो. त्यांनी अ‍ॅलर्जी दवाखान्याच्या संगणकातल्या एका कप्प्यात ठेवली. अर्ज भरणाऱ्या प्रत्येक घराला एक कप्पा. मला पुसण्याचेही कष्ट घेतले नाहीत. माझ्या ओळीपुढे दोन तिरप्या रेघा मारल्या, म्हणजे संगणक ती ओळ वाचतच नाही, आणि मला मुका केले. एका मुलाचा अर्ज भरून पाहिला, चिठ्ठी बरोबर आली, स्वतःची पाठ थोपटून चहाला गेले.

पुढच्याच आठवड्यात एका आईने अर्ज उघडला. लेक आठ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. दोघांना एकाच वेळी नेता यावे म्हणून तिने पडद्यावर अर्जाच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या. एकीत लेकीचे पहिले पान भरले: पेनिसिलिन. दुसरीत मुलाचे: काही नाही. कप्पा एकच, त्यामुळे मुलाचे ‘काही नाही’ लेकीच्या पेनिसिलिनवर जाऊन बसले. मला सगळे कळत होते आणि तोंडाला कुलूप होते. इतका राग मला कधी आला नव्हता. लेकीची चिठ्ठी छापली गेली. नाव तिचे, अ‍ॅलर्जी नाही.

दोन दिवसांनी दवाखान्यातून साहेबांना फोन आला. इंजेक्शन देणाऱ्या सिस्टर बोलत होत्या.

“पेनिसिलिनची सुई हातात होती माझ्या. सवयीनं विचारलं, बाळ, कुठलं औषध चालत नाही का गं तुला? तर म्हणते, पेनिसिलिन, आईनं लिहिलंय की! रोज दीडशे मुलं येतात हो. एखाद्या दिवशी विचारायचं राहून गेलं असतं तर?”

“माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय,” साहेब म्हणाले.

मला घडवणाऱ्या जुन्या बाई खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या. “एकाच मुलाचा अर्ज भरून पाहिलास? तुला भावंडं नाहीत का रे?”

“नाही. एकुलता एक आहे मी.”

बाईंनी कपाळाला हात लावला.

त्या दिवशी माझ्यापुढच्या रेघा निघाल्या. आता प्रत्येक अर्जाला वेगळा कप्पा आहे आणि मी फक्त त्याचा क्रमांक वाहतो. अ‍ॅलर्जी आत सुरक्षित असते. साहेबांनी माझ्या ओळीवर लिहून ठेवले आहे: ‘याला हात लावू नये.’ का, ते लिहिले नाही. पुढच्या शहाण्याला ते कसे कळणार, कोण जाणे.

म्हणून मित्रांनो, एक विनवणी आहे आणि ती मनापासून आहे. सिस्टरांनी विचारले, तर ‘आईनं लिहिलंय’ म्हणून गप्प बसू नका. तोंडाने सांगा. त्या मुलीने सांगितले, म्हणून ती यंदा तिसरीत आहे.