राघोत्तमरावांचा ड्राय डे

सकाळी दहा वाजता राघोत्तमराव फ्रीजमधलं दही काढायला गेले आणि दारावर चिकटवलेला कागद वाचून तिथेच उभे राहिले. कागद रंजनीचा, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा होता. वर ठसठशीत अक्षरांत ‘चेन्नई बाय नाइट, पहिली सफर’, आणि खाली आजची तारीख. सोळा जानेवारी, शुक्रवार. सहा वाजता नुंगंबाक्कमच्या एका हॉटेलच्या गच्चीवरचा बार. आठ वाजता बँड वाजवणारा पब. दहा वाजता समुद्राकाठचं नाचाचं ठिकाण.

यात दचकण्यासारखं काय आहे, असं कोणालाही वाटेल. वेस्ट मांबलमच्या त्या फ्लॅटमध्ये ते फक्त राघोत्तमरावांना कळलं. सोळा जानेवारी म्हणजे तिरुवळ्ळुवर दिन, जुन्या तमिळ संतकवीचा दिवस. त्या दिवशी अख्ख्या तमिळनाडूत दारूची दुकानं बंद, बार बंद, हॉटेलांतलेसुद्धा बंद. रंजनीनं दोन आठवड्यांपूर्वी ॲपवरून टेबलं राखून ठेवली होती, आणि त्या ॲपला वळ्ळुवरांशी काय देणंघेणं! घरात कोणी पिणारं असतं तर ही चूक झालीच नसती. पण हे घर तंजावरहून आलेल्या मराठी माध्वांचं, एकादशीला पाण्याचा थेंबही न घेणारं. ड्राय डे कधी असतो याची चौकशी या घरात कोण कशाला करणार?

मग राघोत्तमरावांना कसं ठाऊक?

त्याचं असं, की गेली बारा वर्षं ते दर शुक्रवारी संध्याकाळी पलीकडच्या गल्लीत पद्मनाभकडे बुद्धिबळ खेळायला जात. पट मांडला जाई, नाही असं नाही. पण पटाच्या कडेला दोन पेले असत आणि पेल्यांत दोन-दोन बोटं रम. वर्षाचे सगळे ड्राय डे राघोत्तमरावांना तोंडपाठ होते. आजच्या शुक्रवारची बाटली त्यांनी बुधवारीच आणून पद्मनाभच्या कपाटात ठेवली होती. विमा कंपनीत पस्तीस वर्षं काढलेला माणूस, तरतुदीत चुकायचा नाही.

आणि याच माणसानं आठ महिन्यांपूर्वी घर डोक्यावर घेतलं होतं. रंजनीनं सिरुसेरीची सॉफ्टवेअरची नोकरी सोडून परदेशी प्रवाशांना शहराची रात्र दाखवण्याचा धंदा काढला, तेव्हा “आपल्या घरातल्या मुलीनं परक्यांना दारूच्या दारापर्यंत पोचवायचं?” हे वाक्य त्यांनी निदान दहा वेळा ऐकवलं होतं. बिचारी रंजनी! ती त्या सगळ्या जागा पाहून आली होती ती लिंबूसोडा पीत. अप्पांचं वाक्य ऐकून ऐकून शेवटी तिनं त्यांना बेत सांगणंच बंद केलं. म्हणून तर आजचा बेत त्यांना या कागदावरूनच कळला.

आज चार पाहुणे येणार होते. त्यांतली एक योहाना, ॲमस्टरडॅमच्या एका प्रवासी कंपनीची बाई. ती सफर पारखायलाच आली होती. तिला पसंत पडली तर महिन्याला दोन गट. नाही पडली तर सोमवारी सिरुसेरीच्या जुन्या साहेबाला ‘येते’ म्हणून कळवायचं, असा शब्द रंजनीनं आईला दिला होता.

राघोत्तमराव दही न घेताच हॉलमध्ये येऊन बसले. सांगावं, तर बायको पहिला प्रश्न विचारणार: तुम्हाला कसं ठाऊक? न सांगावं, तर पोरगी चार परदेशी माणसं घेऊन बंद दारासमोर उभी राहणार. मध्येच एक विचार चोरपावलांनी आला, की बुडू दे ही सफर, सोमवारपासून मुलगी पुन्हा नोकरीला लागेल, आपल्याला हवं तेच होईल. विचार आला आणि त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली की ते उठून उगाचच गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालून आले. बायकोनं, विशालाक्षीबाईंनी, सकाळीच घातलं होतं. तुळशीची कुंडी भरून वाहिली.

अकरा वाजले, बारा वाजले. रंजनी गुणगुणत कुर्त्याला इस्त्री करत होती. किती दिवसांनी ती गुणगुणत होती! राघोत्तमराव दोनदा उठून तिच्या जवळपर्यंत गेले आणि परत येऊन बसले.

दीड वाजता पानं मांडली. पोंगलच्या दुसऱ्या दिवशीचा कणूचा सण, म्हणून लिंबाचा भात, नारळाचा भात, दहीभात. राघोत्तमरावांनी लिंबाच्या भाताकडे बघत, सहज आठवल्यासारखं म्हटलं, “आज बार सगळे बंद असतात म्हणून वाचलं मी.”

“कुठे वाचलांत?” विशालाक्षीबाई म्हणाल्या. “आज पेपर कुठे आला? पोंगलची सुट्टी होती की काल.”

हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. “टीव्हीवर सांगत होते.”

“टीव्ही लावला कोणी? रिमोट माझ्या कमरेला आहे.”

रंजनीनं मात्र फोन कानाला लावला होता. पहिल्या ठिकाणी कोणी उचलला नाही. दुसऱ्या ठिकाणी उचलला, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिनं फोन ताटाशेजारी ठेवला. “खरं आहे. सगळीकडेच बंद. तिरुवळ्ळुवर दिन म्हणे.” मग हळूच मान वर करून, “अप्पा, तुम्हाला कसं ठाऊक?”

आता पळायला जागा नव्हती. राघोत्तमरावांनी सांगून टाकलं. बुद्धिबळ, पेले, रम, बारा वर्षं, बुधवारची बाटली. एका दमात, भाताकडे बघत.

“अय्यो!” विशालाक्षीबाईंच्या हातातला डाव तसाच हवेत राहिला. “बारा वर्षं! आणि मी त्या पद्मनाभाच्या बायकोला दर सणाला पुरणाची बोळी करून धाडतें!”

रंजनीला तो हिशेब नको होता. “हे कळलं कधी तुम्हाला? आजचं?”

“दहा वाजता. तुझा कागद बघितला तेव्हा.”

“साडेतीन तास!” तिचा आवाज चिरकला. “अप्पा, साडेतीन तास तुम्ही मला इस्त्री करताना बघत बसलांत?”

राघोत्तमरावांना वाटलं, ही ओरडेल तर बरं. ती ओरडली नाही. डोळे पुसले, ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, “त्याचं नंतर बोलू. आता साडेचार तास आहेत. काय करायचं ते सांगा.”

त्या ‘नंतर’ची त्यांना धास्ती वाटली, पण ‘सांगा’नं हुरूपही आला. गेल्या आठ महिन्यांत तिनं त्यांना काही विचारलंच नव्हतं! त्यांचं डोकं भराभर चालू लागलं. “पोंगलच्या खेळांचा बोर्ड बघितला मी स्टेशनाजवळ. तिथल्या मैदानात आज तंजावरचे लोक येणार. पोय्क्काल कुदिरै!”

पोय्क्काल कुदिरै म्हणजे खोट्या पायांचा घोडा. नाचणारा पायांना लाकडी पाय बांधतो, कमरेभोवती सजवलेला पोकळ घोडा अडकवतो आणि ढोलाच्या तालावर उधळतो. हा खेळ मराठी राजांबरोबर तंजावरला आला, असं तिकडे सांगतात. लहानपणी हे घोडे राघोत्तमरावांच्या दारावरून जात, तेव्हा ते आईचा हात सोडून मागे पळत सुटत.

“आणि पिण्याचं काय?” रंजनीनं विचारलं. “त्यांना पिण्याचं सांगितलंय मी.”

“ते माझ्यावर सोड,” राघोत्तमराव म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून त्यांनी बायकोकडे बघायचं टाळलं.

सहा वाजता ते इस्त्रीचा सदरा घालून मुलीबरोबर पाहुण्यांच्या हॉटेलच्या पायऱ्यांवर उभे होते. मागे व्हॅनमध्ये विशालाक्षीबाई बसल्या होत्या. “यांच्यावर आता मी नजर ठेवणार,” असं म्हणून त्या आल्या होत्या, नवी कांचीपुरम नेसून. पाहुणे उतरले. अर्जेंटिनाचं एक नवरा-बायकोचं जोडपं, फिनलंडचा एक उंच तरुण, आणि योहाना. पन्नाशीची, आखूड केसांची, हातात वही.

रंजनीनं सगळं सरळ सांगितलं. फिनलंडच्या तरुणाचा चेहरा पडला. हिंदुस्थानातला त्याचा हा पहिलाच शुक्रवार. योहानानं वही मिटली. “माझी कंपनी लोकांना रात्रीची मजा विकते,” ती शांतपणे म्हणाली. “ज्या मार्गदर्शकाला आपल्याच शहरातल्या सुट्ट्या ठाऊक नाहीत, तिच्या भरवशावर मी माणसं कशी पाठवू?”

रंजनीनं मान खाली घातली. ते बघून राघोत्तमरावांना राहवलं नाही. ते एक पायरी पुढे झाले.

“मॅडम,” ते आपल्या विमा कंपनीच्या इंग्रजीत म्हणाले, “तिला ठाऊक नव्हतं, कारण ती पीत नाही. मला ठाऊक होतं, कारण मी पितो. मी सकाळीच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.”

“का?”

“सांगितलं असतं तर माझ्या बायकोला कळलं असतं, की मी पितो.”

“मग आता?”

राघोत्तमरावांनी व्हॅनकडे बोट दाखवलं. खिडकीतून विशालाक्षीबाई कपाळाला आठ्या घालून बघत होत्या. “आता कळलंय.”

मग अर्जेंटिनाची बाई खदखदून हसली, तिचा नवरा हसला, फिनलंडचा तरुण हसता हसता पायरीवर बसला. योहाना हसली नाही, पण तिनं वही पुन्हा उघडली. “एक तास देते,” ती म्हणाली.

पहिला मुक्काम मैदानाबाहेरची गोळीसोड्याची गाडी. राघोत्तमराव गाडीवाल्याच्या शेजारी असे उभे राहिले, की जणू जन्म तिथेच गेला. नन्नारीचं, म्हणजे अनंतमुळाचं, सरबत इतकं, लिंबू इतकं, मीठ चिमटीभर, वर सोडा, आणि ग्लास तिरका धरून. बाटलीतली गोळी अंगठ्यानं दाबायची फिनलंडच्या तरुणाला दोनदा जमली नाही, तिसऱ्यांदा फट्‌कन आवाज होऊन सोडा थेट त्याच्या नाकावर उडाला आणि आजूबाजूच्या पोराटोरांनी टाळ्या पिटल्या. मग त्यानं ओळीनं सहा बाटल्या फोडल्या. योहानानं एक ग्लास संपवला, दुसरा मागितला. “यांचं माप पक्कं आहे,” ती रंजनीला म्हणाली.

“बारा वर्षांचा सराव,” रंजनी म्हणाली. आवाजात हसू होतं की नाही, ते राघोत्तमरावांना कळेना.

आणि मग आतून सनईसारखं नागस्वर कडाडलं. तविलचा ढोल घुमू लागला, गर्दी दुभंगली आणि घोडे आले! आरशाच्या टिकल्यांचे, जरीच्या झुलींचे, एकावर राजा, एकावर राणी. लाकडी पायांची टपटप जमिनीतून अंगात चढत होती. राजा-घोडा उधळत सरळ योहानाच्या अंगावर आला आणि वीतभर अंतरावर थबकला. तिनं किंकाळी फोडली आणि दुसऱ्याच क्षणी वही पर्समध्ये कोंबून ती रिंगणात शिरली. अर्जेंटिनाचं जोडपं तिच्यामागे. फिनलंडचा तरुण हात-पाय कसेही फेकत होता, पण ताल सोडत नव्हता. कोणीतरी एक रिकामा घोडा आणून योहानाच्या कमरेला अडकवला. तिनं तो असा उधळला, की खरा राजा बाजूला होऊन बघत राहिला.

राघोत्तमराव कडेला उभे होते. पाय आपोआप ठेका धरत होते. चौसष्ट वर्षांच्या माणसानं किती वेळ नुसता ठेका धरायचा? चप्पल काढून त्यांनी विशालाक्षीबाईंच्या हातात दिली आणि ते आत शिरले. खांदे हलवत, हात वर करून, सदरा भिजेपर्यंत नाचले. लहानपणी घोड्यांमागे पळताना वाटायचं, तेच आज वाटत होतं.

“तुम्ही नक्की काही घेतलेलं नाही ना?” योहाना घोड्यातून ओरडली.

“आज कुठून घेणार!” राघोत्तमराव ओरडले. “आज बंद आहे!”

हे मात्र विशालाक्षीबाईंना आवरलं नाही. एका हातात नवऱ्याची चप्पल धरून त्या पदरात तोंड लपवून हसल्या.

तासाचे तीन तास झाले. परत हॉटेलशी उतरताना योहानाचे केस घामानं चिकटले होते आणि तिचा आवाज बसला होता. “महिन्याला दोन गट,” ती घोगऱ्या स्वरात म्हणाली. “बार उघडे असतील तेव्हा बार. बंद असतील तेव्हा हेच. आणि यांना बरोबर आणायचं.” यांना, म्हणजे राघोत्तमरावांना.

व्हॅन घराकडे निघाली. विशालाक्षीबाईंनी सांगून टाकलं, की पुढच्या शुक्रवारपासून पद्मनाभनं पट घेऊन इकडे यायचं, नुसता पट, आणि बायकोलाही आणायचं. राघोत्तमरावांनी मुकाट्यानं मान हलवली. त्यांचं लक्ष पुढच्या सीटवर बसलेल्या मुलीकडे होतं. दुपारचं ‘नंतर’ अजून यायचं होतं.

रंजनी फोनमध्ये काहीतरी लिहीत होती. मागे वळून न बघताच म्हणाली, “अप्पा, पुढचा गट याच महिन्यात यायचा म्हणतात. सोमवार धरू? सव्वीस तारीख. सगळ्यांना सुट्टी असते.”

“सव्वीस नको!” राघोत्तमराव सीटवरून अर्धे उठले. “प्रजासत्ताक दिन, सगळं बंद असतं! सत्तावीस घाल.”

रंजनी वळली. दमलेली होती, काजळ गालावर उतरलं होतं, आणि डोळ्यांत सकाळचं ते गुणगुणणं परत आलं होतं.

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “या वेळी सांगायला किती वेळ लावता, ते बघत होतें.”